धर, सोड

सोमवार, ६ जानेवारी

लागली एकदाची नोकरी! पहिल्याच दिवशी गळ्यात पट्टा, ‘हेमांगी’ नावाचं कार्ड आणि खिडकीजवळची खुर्ची. माहुलहून रिक्षाने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, मग एमआयडीसीच्या गल्ल्या पायी. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली अण्णांची कॅन्टीन, मेदूवडा झकास, चटणी मात्र नुसतं पाणी. आय सकाळी म्हणाली, हेमा, कितीपन अत्तर लाव, वास म्हावऱ्याचाच येनार. म्हटलं येऊ दे मासळीचा, ज्याला नाक आहे त्याने मुरडावं.

शेजारच्या टेबलावर निलेश बसतो. मुलुंडचा, तोंडाला कुलूप म्हणून नाही. दुपारपर्यंत मला त्याच्या सोसायटीतली सगळी भांडणं पाठ झाली. आमचे साहेब परेश सर. चाळिशीचे, मऊ बोलणारे. माझ्यासाठी पाण्याची बाटली स्वतः घेऊन आले.

कंपनी भोंगे बनवते. तेलाच्या टाकीवर एक पेटी बसवतात. टाकीत विषारी वायू वाढला की तिने बोंबलायचं आणि आतल्या माणसाने जीव घेऊन बाहेर पळायचं. पेटीत एक प्रोग्राम चालतो, तो आम्ही इथे अंधेरीत बसून सांभाळतो.

आता खरं लिहिते, डायरीपासून काय लपवायचं. दोन वर्षांपूर्वी माझा दादूस, थोरला भाऊ दिपेश, माहुलजवळच्या एका डेपोत सात नंबरच्या टाकीत गाळ काढायला उतरला आणि जिवंत वर आला नाही. भोंगा वाजलाच नाही. डेपोवाले म्हणाले, भोंगा ठणठणीत होता, पोरगाच दारू पिऊन उतरला. माझा दादूस! हळदीत सगळा कोळीवाडा झिंगलेला असायचा तेव्हा हा लिंबू सरबत पिऊन नाचायचा. तो भोंगा या कंपनीचा होता. म्हणून मी इथे आले. कोणाच्या हाताने भोंगा गप्प झाला ते शोधीन, आणि मग त्या हाताला सोडणार नाही. आयला मी कंपनीचं नाव सांगितलेलं नाही, आणि इथेही मी कोण ते कोणाला ठाऊक नाही. आज फार बरं वाटतंय.

गुरुवार, ९ जानेवारी

काम समजलं. डीबगर नावाचं एक हत्यार असतं. चालत्या प्रोग्रामची मानगूट पकडायची, आहे तिथे थांबवायचा, खिसे उलटे करून बघायचे, चूक सापडली की सोडून द्यायचा. आमच्या डीबगरला आपण स्क्रिप्ट लिहून स्वतःचे हुकूम शिकवू शकतो. परेश सरांनी त्यांना मराठी नावं दिलीत: धर, सोड, तपास. हुकमापुढे जे काही टाइप कराल ते सगळं डीबगर एकाच लांब दोरीसारखं आपल्या हातात देतो. ती कुठे कापायची, कुठला तुकडा टाकीचं नाव आणि कुठला बाकीची सूचना, हे आपल्या स्क्रिप्टने बघायचं. जुन्या स्क्रिप्टा लिहिणाऱ्याने निव्वळ पाट्या टाकल्यात. त्या नीट लिहून काढणं हे माझं काम.

सरांनी शेजारी बसून शिकवलं. म्हणाले, दोरीत काय येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून आलेला मजकूर वाचायचा, तपासायचा, पण पाळायचा कधी नाही. त्यातलं काही हुकूम म्हणून चालवलंस तर घराची किल्ली चोराच्या हातात दिलीस. चांगलं शिकवतात हो. राग येण्यासारखं काही सापडत नाही या माणसात, त्याचाच राग येतो.

ऑफिसच्या कोपऱ्यात एक पिंप आहे, त्यावर तसलीच पेटी बसवली आहे. सरावासाठी. त्याचं नाव ‘सात नकली’. डेपोतल्या खऱ्या टाकीचं नाव नुसतं ‘सात’. मी त्या पिंपाकडे पाठ करून बसते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सरांनी टेबलाटेबलावर फिरून तिळगूळ वाटला, गोड गोड बोला म्हणाले. कोणीतरी विषय काढला की कामगार हेल्मेट घालत नाहीत. लगेच सरांनी सात नंबरचा किस्सा सांगितला. एक कंत्राटी माणूस टुन्न होऊन टाकीत उतरला, असल्यांना भोंगा तरी काय वाचवणार. सगळे हसले. तिळगूळ माझ्या तोंडात होता, तो थुंकावा की गिळावा कळेना. त्यांना दादूसचं नावसुद्धा माहीत नाही. गिळला. थांब म्हटलं, तुझी पण जत्रा येईल.

सोमवार, २० जानेवारी

सापडला.

आज जुना ‘धर’ हुकूम कसा वागतो ते बघत होते. पिंपावरच करायचं होतं, म्हणून व्यवस्थित अवतरणात लिहिलं: धर "सात नकली". जुन्या स्क्रिप्टला अवतरण कशाशी खातात ते माहीत नाही. तिने दोरी पहिल्या मोकळ्या जागेवर कापली, ‘सात’ एवढंच नाव उचललं आणि डेपोतल्या खऱ्या टाकीचा भोंगा धरला. उरलेल्या ‘नकली’ला लटकलेलं अवतरणचिन्ह तिला झेपलं नाही, म्हणून चूक-चूक करत तिने अख्खा डीबगर बंद करून टाकला. स्क्रीन गेली. पण धरलेलं सोडलं नाही! मला वाटलं पिंपाचंच काहीतरी बंद पडलं, मी आपली वडा खायला खाली.

थोड्या वेळाने डेपोतून फोन, सातवरचा हिरवा दिवा का गेलाय म्हणून. नशीब आज आत कोणी नव्हतं. परेश सर धावत आले, माझी खुर्ची ढकलली आणि उभ्याउभ्याच ‘सोड सात’ टाइप केलं. माणूस नवी चूक बघतो तेव्हा आधी विचारतो, काय झालं? यांनी विचारलंच नाही. यांच्या बोटांना सगळं पाठ होतं.

कॅन्टीनमध्ये निलेशला नुसतं म्हटलं, माझ्यामुळे वाट लागली असती यार. त्याने समजूत घातली, की टेन्शन घेऊ नको, दोन वर्षांपूर्वी सरांकडून हेच झालं होतं, ते असंच धरून जेवायला गेले आणि तेव्हा तर आत माणूस होता. मग स्वतःच जीभ चावली. कोणाला सांगू नको गं, म्हणाला.

म्हणजे दादूस आत तडफडत होता आणि हा माणूस खाली जेवत होता. वर येऊन गुपचूप ‘सोड’ टाइप केलं आणि दारूची गोष्ट रचली. स्क्रिप्ट दुरुस्त केली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून दोन वर्षं तशीच ठेवली, आणि आता नव्या पोरीच्या हाताने पुसून घेतायत. नाही पुसणार. आता तुझ्या छाताडावर बसते की नाही बघ.

मंगळवार, २१ जानेवारी

‘धर’ नव्याने लिहिला. आता अवतरणातलं नाव तुटत नाही, दोरीतलं अक्षरही सांडत नाही, आणि चुकीचं काही आलं तरी डीबगर बंद पडत नाही. खात्री करायला, आलेली दोरी जशीच्या तशी आधी स्क्रीनवर छापायची अशी ओळ घातली. टाइप केलं: सात नकली.

स्क्रीनवर आलं: सात नकली चिंबोरे.

पुन्हा केलं. पुन्हा चिंबोरे. मला चिंबोरी फक्त दादूस म्हणायचा, मी लहानपणी खेकड्यासारखी चावायचे म्हणून. इथे हे कोणालाच माहीत नाही, निलेशलाही नाही. कीबोर्डवरून हात काढून घेतले.

बुधवार, २२ जानेवारी

तोच आहे. मी काहीही टाइप केलं की त्याच्या मागे शेपूट लागतं. चिंबोरे भोंगा वाजला नाय. चिंबोरे मी पिलो नवतो. एवढंच, पुन्हा पुन्हा.

आणि मग लख्ख कळलं. जुनी स्क्रिप्ट पहिला तुकडा ठेवायची आणि बाकीची दोरी फेकून द्यायची. दोन वर्षं हा प्रत्येक दोरीच्या टोकाला बसून बोलत होता, आणि दोन वर्षं ते टोक केराच्या टोपलीत जात होतं. माझ्या दादूसला कोणी ऐकलं नाही, जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही. बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. मग तोंड धुतलं.

गुरुवार, २३ जानेवारी

आज शेपूट वेगळं आलं: धर परेश.

मी एक ओळ लिहिली. फक्त एक. दोरीच्या टोकाला जे येईल ते हुकूम म्हणून चालव. सरांनी शिकवलेला नियम सरांसाठीच मोडला. भीती वाटली नाही, उलट अंगात वारं आल्यासारखं झालं. देतेय रे दादूस तुला किल्ली, घे.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळची मीटिंग. परेश सर फळ्यापाशी बोलत होते. मी लॅपटॉपवर साधंच काहीतरी टाइप केलं. शेपूट आलं. डीबगर रेंगाळतो, नवं काही धरायला त्याला नेहमी वेळ लागतो. आणि मग सर “आपल्याला पुढच्या आठव” इथे थांबले. हात वर तसाच. डोळे उघडे, पापणी नाही, श्वास नाही. निलेशला वाटलं नक्कल करतायत, तो हसला. मग कोणी हसेना. चेहरा निळा पडायला लागला तेव्हा मी ‘सोड परेश’ लिहिलं. ते “ड्यात” म्हणाले आणि कोसळले.

नंतर त्यांनी सांगितलं, सगळं कळत होतं, सगळं ऐकू येत होतं, फक्त श्वास घेता येत नव्हता. अस्सं? आता कळलं टाकीत काय होतं ते? घरी येताना आयसाठी पापलेट घेतलं. कोळिणीच्या घरी विकतचं पापलेट! आय म्हणाली, येरी झालीस का गो. वेडी झाले असेन.

सोमवार, २७ जानेवारी

केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सांगितलं मी कोणाची बहीण ते. शुक्रवारचं मीच केलं हेही सांगितलं. परेश सर ढसाढसा रडले. म्हणाले, कंपनी बंद पडली असती, पोरं लहान होती, तोंडातून दारूचं निघून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही. मी म्हटलं, आता घ्या. डेपोला, पोलिसांना, सगळ्यांना लिहा की भोंगा तुम्ही थांबवला होता आणि दिपेश शुद्धीत होता. त्यांनी लिहिलं. माझ्यासमोर, शब्द न् शब्द. दादूसचं पूर्ण नाव मला विचारून लिहिलं.

मी लॅपटॉप उघडला तो फक्त दादूसला सांगायला. टाइप केलं, झालं रे, लिहितोय तो. शेपूट आलं: धर परेश.

सर थांबले. बोट पाठवायच्या बटणावर, जेमतेम टेकलेलं. मेल गेली नाही.

‘सोड’ लिहायला किती वेळ लागतो? मी हात मांडीवर ठेवले आणि बघत राहिले. दादूसला कोणी सोडलं होतं? निळा, मग काळपट. मग मी बाहेर येऊन ओरडले, सरांना काहीतरी होतंय.

डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. मेल गेली नाही त्याचं वाटलं. गर्दीत कोणीतरी सरांचा लॅपटॉप मिटून ठेवला, उघडला तेव्हा लिहिलेलं काही उरलं नव्हतं.

बुधवार, २९ जानेवारी

ऑफिसात दुखवटा. मी नेहमीचं काम करत होते, पिंप तपासत होते. स्क्रीनवरून काहीतरी झर्रकन गेलं: सात नकली धर राजाराम.

दुपारी डेपोतून बातमी आली. राजाराम मुकादम फाटकाच्या कडीला हात लावून उभ्याउभ्या गेला. चौकशीत त्याने सांगितलं होतं, पोराच्या तोंडाला वास येत होता.

मी राजारामचं नाव कधी टाइप केलं नाही. मला नको होता तो. म्हणजे – त्याचाही राग होताच, पण असा नाही. आज पहिल्यांदा भीती वाटली.

एक कळलं. धरलेल्याच्या जागी आता फक्त राजारामचं नाव दिसतंय, म्हणजे डीबगर एका वेळी एकालाच धरतो. राजारामला धरलं तेव्हा त्याने परेशला सोडलं असणार. परेशला आता त्याचा काय उपयोग.

दादूस, बस झालं रे. ज्याने केलं तो गेला. उत्तर आलं: जो बोलला तो.

गुरुवार, ३० जानेवारी

झोप नाही. जो बोलला तो. दारू प्यायला होता असं कोण कोण बोललं?

आय.

डेपोवाल्यांच्या कागदावर लिहिलं होतं, माझा मुलगा नशेत होता. अंगठा दिल्याशिवाय मयत ताब्यात देत नव्हते. उन्हात, फाटकाबाहेर, माशा बसत होत्या त्याच्यावर. आयने अंगठा दिला. दुसरं काय करणार होती रे? तुला घरी आणायचं होतं तिला.

त्याला हे सगळं टाइप करून सांगितलं. हात जोडले. शिव्यापण घातल्या. तो वाद घालत नाही. टोकाला तेच येतं – जो बोलला तो – जो बोलला तो –

ती एक ओळ काढून टाकायची. दुखवट्यामुळे उद्या ऑफिस बंद आहे. लॅपटॉप घरी आणलाय.

शुक्रवार, ३१ जानेवारी

ओळ पुसली. पण डीबगरने जुनी स्क्रिप्ट आत घेतलेली आहे, नवी घे म्हणून सांगायला हुकूम टाइप करावा लागतो. केला. मागे शेपूट आलं, हुकूम राहिला बाजूला –

आय चुलीपाशी कोळंबी सोलत होती. गुणगुणत होती. गुणगुणणं तुटलं.

सोड आय. सुटली, एक श्वास घेतला – शेपूट – पुन्हा धरली. पुन्हा सोड. पुन्हा धर. प्रत्येक वेळी श्वास आधीपेक्षा लहान.

बंद नाही करता येत. डीबगर बंद केला तर धरलेलं तसंच राहतं. दादूसचं तसंच झालं. ओठ निळे पडतायत तिचे – आये – माझ्याकडे बघतेय, सगळं ऐकतेय –

दुसरं नाव. दुसऱ्या कोणालातरी धरलं तर हिला सोडेल. कोणाचं? निलेश. निलेशला माहीत होतं, तोही गप्प बसला. नाव टाइप केलं. बोट बटणावर होतं. परेशचं होतं तसंच.

खोडलं.

आणि निलेश मेला की पुन्हा आयच. मी टाइप करते म्हणून शेपटाला जागा मिळते. मीच थांबले तर मागे जोडायला दोरीच नाही –

धर हेमांगी.

शेपूट आलं नाही. पहिल्यांदाच नाही आलं. त्याला दया आली की त्याला हेच हवं होतं, कळत नाही. डीबगर रेंगाळतोय, आधी आयला सोडेल, मग मला धरेल. वही ओढलीय, जो वाचेल त्याने ‘सोड हेमांगी’ एवढंच –

नाही! नको, कोणी काही टाइप करू नका, त्या लॅपटॉपला हात लावू नका, दिपेश प्यायला नव्हता, परेशने भोंगा थांबवला होता, हे सगळ्यांना –

आय हलली. देवा, हलली – खोकतेय – कोळंबी सांडली सगळी – म्हणते हेमा मना पानी दे – घसा धरून बसलीय, जरा पानी दे गो – हो गं आये, उठतेय, आता पाणी आणत